इनपुट की रिटर्न? मॉडेलरसाठी ट्यूब अ‍ॅम्प निवडण्याआधी

सोलापुरात अशोक चौकाजवळ एका पॉवरलूमच्या शेडवर आमची सरावाची खोली आहे. खाली माग खडखडत असतात, त्यामुळे वर कितीही मोठ्यानं वाजवलं तरी कोणी तक्रार करत नाही. मागच्या गणपतीआधी मी तिथं माझा मॉडेलर, म्हणजे अ‍ॅम्प आणि इफेक्टची डिजिटल नक्कल करणारा डबा, नेला आणि खोलीतल्या ट्यूब कॉम्बोला (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) जोडला. गिटार जिथं लावतात, त्याच पुढच्या इनपुटमध्ये. घरी हेडफोन लावून रात्र-रात्र बसवलेला टोन पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखा बाहेर आला. बेसवाला म्हणाला, "काय बे, घरी तर कसलं भारी वाजायलतं!" ट्रेबल कमी केला तर आवाज चिखलात रुतायचा, गेन कमी केला तर त्यातला जीवच जायचा. तासाभरानं तीच केबल पुढून उपसून मागच्या 'रिटर्न' लिहिलेल्या जॅकला लावली, मॉडेलरमधलं एक सेटिंग बंद केलं, आणि खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले.

हे दोन जॅक दिसायला जुळे भाऊ. दोन्ही पाव इंची, दोन्हींत तीच केबल बसते, दोन्हींतून आवाज येतो. म्हणूनच घोळ होतो. मॉडेलरला जोडायला कुठला ट्यूब अ‍ॅम्प घेऊ, असं पोरं विचारतात तेव्हा ब्रँड विचारतात, वॉट विचारतात, ट्यूबचे नंबर विचारतात. केबल कुठं लावणार, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते निवड तिथूनच सुरू होते.

ट्यूब अ‍ॅम्प म्हणजे एका पेटीत बसवलेले दोन अ‍ॅम्प. पहिला प्रीअ‍ॅम्प. गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल फार क्षीण असतो, व्होल्टच्या दहाव्या भागाच्या आसपास. हळू छेडलं तर त्याहून कमी, हंबकरवर (दोन कॉइलच्या जोरकस पिकअपवर) जोरात मारलं तर बराच जास्त. हा सिग्नल १२एएक्स७ नावाच्या छोट्या ट्यूब मोठा करतात. गेनचा नॉब इथं, ट्रेबल-मिडल-बासही बहुतेक वेळा इथंच. हे टोनचे नॉब सगळे पाचवर ठेवले म्हणजे आवाज सपाट राहतो, असा समज आहे. तो चूक आहे. फेंडर आणि मार्शल या अ‍ॅम्प कंपन्यांच्या जुन्या पठडीतल्या टोन सर्किटमध्ये नॉब मधोमध असले तरी मधले सूर दबलेलेच असतात. प्रीअ‍ॅम्प आवाज नुसता वाढवत नाही, त्याला स्वतःचा चेहरा देतो.

दुसरा पॉवर अ‍ॅम्प. यात ईएल३४, ६एल६, ईएल८४ किंवा ६व्ही६ अशा मोठ्या ट्यूब असतात आणि त्यांच्यामागे आउटपुट ट्रान्सफॉर्मर. स्पीकरचा कागद हलवण्याइतकी ताकद इथून निघते. पुढच्या इनपुटमधून गेलेला सिग्नल हे दोन्ही टप्पे पार करतो. रिटर्नमधून गेलेला सिग्नल प्रीअ‍ॅम्पला वळसा घालून थेट दुसऱ्या टप्प्यात उतरतो.

आता मॉडेलर काय करतो ते बघा. लाइन ६ कंपनीचा पॉड १९९८ साली आला, हेलिक्स २०१५ साली. मधल्या काळात गणिताची अचूकता कितीतरी वाढली, पण कल्पना तीच राहिली. या डब्यात प्रीअ‍ॅम्प आहे, पॉवर अ‍ॅम्प आहे, स्पीकरची पेटी आहे आणि पेटीसमोर धरलेला माइकसुद्धा आहे, सगळं आकड्यांत. तो टोन पुढच्या इनपुटमध्ये घातला की शिजलेला भात पुन्हा कुकरला लावल्यासारखं होतं. मॉडेलरमधल्या मार्शलनं एकदा गेन दिलेला, एकदा मिडल ठरवलेला. त्यावर खऱ्या अ‍ॅम्पचा प्रीअ‍ॅम्प पुन्हा तेच करतो. त्या दिवशीची गांधीलमाशी ती हीच.

सिग्नलच्या जोराचाही फरक आहे. पुढचं इनपुट गिटारच्या क्षीण सिग्नलसाठी बनवलेलं असतं. मॉडेलर मात्र लाइन लेव्हलला वाजू शकतो, आणि स्टुडिओतली लाइन लेव्हल म्हणजे साधारण १.२३ व्होल्ट. एवढा सिग्नल पुढून घुसवला तर क्लीन चॅनेलही कण्हायला लागतो. एचएक्स स्टॉम्पसारख्या बऱ्याच मॉडेलरमध्ये आउटपुट 'इन्स्ट्रुमेंट' की 'लाइन' हे निवडता येतं. पुढच्या इनपुटसाठी नेहमी इन्स्ट्रुमेंट. रिटर्नसाठी बहुतेक वेळा लाइन, पण काही अ‍ॅम्पचा लूप (सिग्नल बाहेर नेऊन परत आणणारी 'सेंड' आणि 'रिटर्न' जॅकची जोडी) पायातल्या पेडलच्या हिशेबानं हलक्या सिग्नलसाठी केलेला असतो, म्हणून आवाज शून्यावरून हळूहळू वाढवावा.

आणि ते बंद केलेलं सेटिंग? कॅब सिम्युलेशन, म्हणजे स्पीकर आणि माइकची नक्कल. गिटारचा बारा इंची स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वरचे सूर झपाट्यानं गिळतो. डिस्टॉर्शनची करकर त्यामुळेच कानाला सुसह्य होते. हेडफोनला किंवा पीएला (कार्यक्रमातल्या मोठ्या साउंड सिस्टिमला) तो स्पीकर नसतो, म्हणून तिथं नक्कल हवीच. पण समोर खरा गिटार स्पीकर असताना नक्कलही चालू ठेवली, तर आपली जाड सोलापुरी चादर एकावर एक दोन पांघरून बोलल्यासारखा आवाज येतो. कार्यक्रमात मी मॉडेलरमधून दोन वाटा काढतो: साउंडवाल्याकडे जाणाऱ्या वाटेवर कॅब चालू, अ‍ॅम्पकडे जाणाऱ्या वाटेवर बंद. तुमच्या मॉडेलरला दोन वाटा वेगळ्या करता येत नसतील तर प्रत्येक पॅचच्या (साठवलेल्या टोनच्या) दोन प्रती ठेवा.

पॉवर अ‍ॅम्पच्या नकलेबद्दल मी इतका ठाम नाही. नियम म्हणून, खरा ट्यूब पॉवर अ‍ॅम्प असेल तर नकली बंद करावा. हेलिक्समध्ये त्यासाठी नुसत्या प्रीअ‍ॅम्पचे ब्लॉक वेगळे दिले आहेत. त्यामागे कारणही आहे. ट्यूब पॉवर अ‍ॅम्पची स्पीकरवरची पकड सैल असते. स्पीकरचा इम्पीडन्स (विजेला होणारा विरोध) खालच्या एका सुरावर उसळतो आणि वरच्या सुरांकडे चढत जातो, आणि ट्यूब अ‍ॅम्पचा आवाज त्या चढउताराच्या मागे जातो. म्हणून खालचा सूर छातीत भरतो आणि वरचा चमकतो. मॉडेलर हीच गोष्ट गणितानं करतो. दोन्ही एकदम चालू असतील तर बास फुगतो. तरी क्रंचच्या (हलक्या डिस्टॉर्शनच्या) काही पॅचना मी पूर्ण अ‍ॅम्पचा ब्लॉकच ठेवलाय, कारण आमच्या खोलीत तो जास्त बरा वाटला. इथं कानाचं ऐका.

तर मॉडेलरसाठी ट्यूब अ‍ॅम्प घेणं म्हणजे खरं तर त्याचा मागचा अर्धा भाग आणि स्पीकर घेणं. एवढं मनात पक्कं झालं की निवड बदलते. फेंडरचा ब्लूज ज्युनियर हा १५ वॉटचा गोड अ‍ॅम्प आहे, थेट गिटार लावून वाजवायला मला फार आवडतो. पण त्याला इफेक्ट्स लूप नाही. रिटर्नच नाही म्हटल्यावर मॉडेलरला एकच दार उरतं, पुढचं. त्याच घरचा हॉट रॉड डीलक्स ४० वॉटचा, ६एल६च्या जोडीवर चालणारा. त्याला लूप आहे. फक्त तिथं 'रिटर्न' असं न लिहिता 'पॉवर अ‍ॅम्प इन' लिहिलेलं असतं. मार्शलच्या डीएसएल मालिकेतल्या २० आणि ४० वॉटच्या कॉम्बोंना ईएल३४ ट्यूब आहेत, लूप आहे आणि ताकद निम्मी करायची सोयही आहे. माझ्या कामाला असलाच अ‍ॅम्प बसतो.

लूप आहे म्हणजे काम झालं असंही नाही. काही लूप पॅरलल असतात: अ‍ॅम्पचा स्वतःचा सिग्नल चालूच राहतो आणि बाहेरून आलेला त्यात मिसळतो. तिथं मिक्सचा नॉब पूर्ण शंभर टक्क्यांवर नेता येतो का ते बघा. मास्टर व्हॉल्यूमची जागाही महत्त्वाची. काही अ‍ॅम्पमध्ये मास्टर रिटर्नच्या नंतर येतो, तेव्हा तो चालतो. काहींत तो रिटर्नच्या आधीच असतो. मग रिटर्नमधून आलेल्या आवाजावर अ‍ॅम्पच्या कुठल्याच व्हॉल्यूमचा ताबा राहत नाही आणि सगळी लगाम मॉडेलरच्या हातात जाते. हे माहीत नसताना मॉडेलर फुल ठेवून केबल खुपसली तर कानठळ्या बसतात.

एक तिसरा जॅकही तसाच दिसतो, आणि तो खरोखर धोक्याचा आहे: स्पीकर आउट. त्यातून थेट स्पीकरला जाणारी ताकद निघते. ती मॉडेलरच्या इनपुटमध्ये घातली तर मॉडेलर जळेल. आणि रात्री आवाज नको म्हणून स्पीकरची वायर काढून ट्यूब अ‍ॅम्प चालू ठेवला, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. रिटर्न वापरत असलात तरी हा नियम सुटत नाही.

वॉटबद्दल थोडक्यात. ४० वॉट २० वॉटच्या दुप्पट मोठा वाजत नाही. फरक फक्त ३ डेसिबलचा. दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. पण मॉडेलरसाठी मी थोडे जास्त वॉट घ्या म्हणेन, कारण डिस्टॉर्शन मॉडेलर देणार आहे आणि पॉवर अ‍ॅम्पनं त्यात स्वतःची भर न घालता स्वच्छ राहायला हवं. ५ वॉटचा अ‍ॅम्प ड्रमसमोर लगेच चिरडतो, आणि मग सगळे पॅच एकसारखेच वाजतात.

पुढचं इनपुट वाईट असं मात्र समजू नका. मॉडेलरमधले अ‍ॅम्प वापरायचेच नसतील, नुसता कोरस, डिले, रिव्हर्ब, ड्राइव्ह हवा असेल, आणि अ‍ॅम्पचा स्वतःचा टोन तुमचा लाडका असेल, तर केबल पुढेच लावा. दोन्ही हवं असेल तर चार केबलची पद्धत आहे: गिटार मॉडेलरला, मॉडेलरचा सेंड अ‍ॅम्पच्या पुढच्या इनपुटला, अ‍ॅम्पचा सेंड मॉडेलरच्या रिटर्नला, आणि मॉडेलरचं आउटपुट अ‍ॅम्पच्या रिटर्नला. मग ड्राइव्ह प्रीअ‍ॅम्पच्या आधी बसतो, डिले नंतर. सुरेख जमतं, फक्त केबलींचं जाळं वाढतं आणि अर्थिंग नीट नसेल तर हम (सततची गुणगुण) येतो. अर्थिंगची पिन तोडून हम घालवणारे लोक मी पाहिलेत. तसं कधीच करू नका. आत ४०० व्होल्टच्या घरात वीज खेळत असते आणि बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये ती टिकून राहते.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला सेकंडहँड अ‍ॅम्प १२० व्होल्टचा असतो, आपली वीज २३० ची. मागची चकती वाचल्याशिवाय प्लग लावू नका. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल आणि तो अ‍ॅम्पच्या भारापेक्षा बराच मोठा हवा. मंडपात जनरेटरवर वाजवताना व्होल्टेज खाली-वर होतं, म्हणून मी स्टॅबिलायझर नेतो. आणि मे महिन्यात पत्र्याखाली अ‍ॅम्पची पाठ भिंतीला टेकवू नका. ट्यूब स्वतःच भट्टीसारख्या तापतात, त्यांना मागून वारा लागतो.

हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या सभागृहात पीए चांगला असेल तर मी अ‍ॅम्प नेतसुद्धा नाही, मॉडेलर थेट मिक्सरला. हॉट रॉड डीलक्स २० किलोच्या आसपास भरतो. जिना चढताना ते वजन आठवतं. रिटर्न असलेला साधा ट्रान्झिस्टरचा कॉम्बोही मॉडेलरला छान सांभाळतो, आणि बजेट तोकडं असेल तर मी तोच सुचवतो. ट्यूबचे जादा पैसे त्यानंच घालावेत, ज्याला बोटाखाली स्पीकर मागे रेटल्यासारखा वाटणारा तो प्रतिसाद हवा आहे. मला तो हवा आहे.

पुढच्या महिन्यात बेसवाल्याच्या भावासाठी अ‍ॅम्प बघायला पुण्याला जातोय. बॅगेत मॉडेलर, दोन केबली, आणि एकाच क्रंच टोनचे दोन पॅच: एकात कॅब चालू, एकात बंद. दुकानात मी अ‍ॅम्पला आधी पाठमोरा वळवणार. रिटर्न शोधायचा, मॉडेलरचा आवाज शून्यावर ठेवायचा, केबल लावायची, हळूहळू वाढवायचं, मग अ‍ॅम्पचा मास्टर फिरवून तो लागू होतो का बघायचं. त्यानंतर समोर बसून वाजवायचं.