निर्णयसाहाय्य साधने, डिजिटल (दीर्घकालीन शुश्रूषा)

घरी मदतनीस ठेवून राहावे की शुश्रूषागृहात जावे, अन्न नळीने घ्यावे की नाही, अशा प्रश्नांत पर्याय, त्यांचे फायदे-तोटे आणि व्यक्तीची पसंती पडद्यावर मांडणारी साधने. वृद्ध, अपंग किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींना आराखड्यापासूनच सोबत घेऊन ती घडवण्याच्या पद्धतीस सहरचना म्हणतात.

सहरचनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तो वैद्यकात शोधतात. अमेरिकेत साधारणपणे १९८० च्या दशकाच्या अखेरीस जॉन वेनबर्ग व सहकाऱ्यांनी प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीवरील उपचार निवडण्यासाठी व्हिडिओडिस्क तयार केली. पुढे कॅनडातील ओटावा येथील निर्णयसाहाय्याची चौकट (१९९८) आणि आंतरराष्ट्रीय गुणवत्ता निकष (२००६) आले. दुसरे मत स्कँडिनेव्हियाकडे बोट दाखवते. १९७० च्या दशकात नॉर्वेतील लोह व धातू कामगार संघटनेबरोबर संगणकशास्त्रज्ञ क्रिस्टन निगार्ड यांनी संगणकीकरणाबाबत केलेले काम आणि ‘युटोपिया’ प्रकल्प (१९८१–८५) ही त्याची उदाहरणे. या प्रकल्पात छपाई कामगारांपुढे पुठ्ठ्याचा रिकामा खोका ‘लेझर प्रिंटर’ म्हणून ठेवला जाई आणि काम कसे बदलेल ते करून पाहिले जाई. साधनांचा आशय वैद्यकाने दिला, सहभागाची रीत मात्र कामगारांकडून आली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

जोखीम ‘पाच टक्के’ अशी न सांगता शंभर मानवाकृतींपैकी पाच रंगवून दाखवण्याचा प्रघात आहे. स्मृतिभ्रंशात एवढी मोजदादही जड जाते. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या अखेरीस विकसित झालेल्या ‘टॉकिंग मॅट्स’ पद्धतीत चटईच्या वरच्या कडेला आवडते, सांगता येत नाही, आवडत नाही अशी तीन चिन्हे असतात. आंघोळ, बागकाम, शेजारी यांची चित्रे व्यक्ती त्यांखाली ठेवते. तिची टॅबलेटवरील आवृत्तीही आहे. टॅबलेटवर थरथरते बोट एकच बटण दोनदा दाबते, तेव्हा ती चूक समजायची की ठाम होकार, हा प्रश्न सहरचनेच्या बैठकीतच सुटतो. मुलगी किंवा सून शेजारी बसून उत्तर सुचवते, ही अडचण त्याहून अवघड.

वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या निर्णयसाहाय्य साधनांवरील २०२४ च्या आढाव्यात २०९ अभ्यास आहेत. ते उपचार व तपासणीच्या निर्णयांवरील आहेत. शुश्रूषेचे निर्णय मात्र प्रकृतीबरोबर पुन्हापुन्हा घ्यावे लागतात. इंग्लंड-वेल्समधील २००५ च्या मानसिक क्षमता कायद्यानुसार मदतीचे सर्व व्यवहार्य उपाय करून पाहिल्याशिवाय व्यक्तीला निर्णयास असमर्थ मानता येत नाही. भारतात मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये मानसिक आजारावरील उपचारांविषयी आगाऊ निर्देश देण्याची तरतूद आहे.