खाजण : भरतीच्या पातळीखालचं भात

भरती भरात आली की मांडवीचं खारं पाणी बांधापलीकडच्या भातशेतापेक्षा उंचावर असतं. मध्ये असतो तो फक्त चिखल, पेंढा आणि जांभा दगड घालून उभा केलेला बांध, आणि त्या बांधात बसवलेली मानस, म्हणजे पाण्याचं लाकडी दार. चोडण, दिवाडी या बेटांवर आणि मांडवी-जुवारीच्या काठाकाठाने गोव्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर खाजण जमीन आहे. मुळात ही सगळी खारफुटीची दलदल. ती शेतीखाली कधी आली याची नेमकी तारीख नाही, पण सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या एका ताम्रपटात खाजणाच्या दानाचा उल्लेख आहे. म्हणजे तोवर ही विद्या रुळलेली होती.

मानशीचं काम बघत उभं राहावं असं आहे. तिची फळी फक्त खाडीच्या बाजूला उघडते. भरतीचं पाणी बाहेरून दाबू लागलं की ती चौकटीवर घट्ट बसते. ओहोटीला बाहेरची पातळी उतरते, आतल्या पाण्याचा दाब वरचढ होतो आणि तीच फळी आपोआप ढकलली जाऊन शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत निघून जातं. दिवसातून दोनदा, माणसाचा हात न लागता. मानशीच्या आतल्या बाजूला खोल पाण्याचा डोह राखलेला असतो, त्याला पोंय म्हणतात. चुकून आत आलेलं खारं पाणी तिथेच थोपतं आणि कोळंबी, खेकडे, काळुंदर मासे तिथेच वाढतात.

भाताचं गणितही तितकंच नेमकं. उन्हाळ्यात नांगरून ढेकळं तापू द्यायची. जूनचे पहिले जोरदार पाऊस त्या ढेकळांतलं मीठ धुऊन काढतात, मग मोड आलेलं कोरगुटाचं बी पडतं. कोरगुट हे खारं सोसणारं, उंच वाढणारं देशी भात. इथे एक धोका सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. खारफुटीच्या जुन्या गाळात लोह आणि गंधक यांचं संयुग, पायराइट, दडलेलं असतं. गाळ ओला आहे तोवर ते निपचित पडून राहतं. जमीन खोलवर कोरडी पडली की हवेतला ऑक्सिजन त्याला गाठतो आणि मातीत गंधकाम्ल तयार होतं. म्हणून पाणी अडवणं जितकं महत्त्वाचं, तितकंच ते योग्य पातळीला राखणंही.

हे सारं सांभाळायची ती गावकरी संस्था, म्हणजे पोर्तुगीज अमदानीतली कोमुनिदाद. खेकड्याने पोखरलेलं भोक वेळीच बुजवलं नाही तर एका उधाणात बांध फुटतो आणि साऱ्या गावाचं पीक जातं. त्यामुळे दुरुस्ती सगळ्यांची होती. १९६१ नंतर गोव्याची व्यवस्था बदलली. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळांना न्याय्य हक्क मिळाला, बांधांची जबाबदारीही कूळ संघटनांकडे आली, पण जुनी शिस्त तशी उतरली नाही. त्यातच मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव भातापेक्षा जास्त पैसा देऊ लागला. माशांसाठी दार अवेळी उघडं राहिलं की शेतात खार शिरतो. खनिजाच्या बार्जांच्या लाटांनी बांधांचे पाय झिजवले ते वेगळंच.

पडीक खाजणात खारफुटी झपाट्याने परतते. चोडणला फेरीबोटीतून उतरल्यावर लागणारं १७८ हेक्टरांचं सलीम अली पक्षी अभयारण्य १९८८ पासून राखीव आहे. तिथली खारफुटी सुंदरच आहे, आणि ती राखलीच पाहिजे. पण कायदा खारफुटीला हात लावू देत नाही, त्यामुळे फुटलेल्या बांधामागे एकदा झाडं उभी राहिली की ती जमीन भाताकडे परत नेणं फार अवघड होऊन बसतं. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेने गोव्यातल्या खाजणांचे नकाशे करून व्यवस्थापन आराखडा आखायला सांगितलं, तिथल्या विकासकामांवर बंदी घातली. बिल्डरांपासून संरक्षण म्हणून ती बंदी मोलाची आहे. मात्र नुसत्या बंदीने खाजण टिकत नाही. कुणी बांध लिंपला नाही तर ते सरळ खाडीचं होतं.

माझ्या मते सीमारेषा बांधावरच आखावी. बांधाबाहेरची कांदळ आणि तिवर ही खारफुटीची झाडं लाटा अंगावर घेऊन बांधच वाचवतात, त्यांना धक्काही नको. जिथे आत जुनं रान उभं आहे ते तसंच राहू द्यावं. पण नुकत्या फुटलेल्या बांधाला झाडं रुजण्याआधी, पहिल्याच उन्हाळ्यात पैसा आणि माणसं मिळायला हवीत, आणि मानशीचा लिलाव करताना दार कधी बंद ठेवायचं हे भात पिकवणाऱ्यांनी ठरवायला हवं.