माणसांची शिकार (चित्रपटप्रकार)

माणसांनी माणसांचीच शौकाखातर शिकार करावी, या कल्पनेवर उभ्या असलेल्या थरारपटांचा हा एक प्रकार. यातल्या शिकाऱ्याला सावजाकडून काहीही नको असते. जुने वैर नसते, काही लुबाडायचे नसते. उलट बहुतेक वेळा तोच या मौजेसाठी पैसे मोजत असतो. सावजाला थोडी आघाडी दिली जाते, कधी एखादा सुरा, थोडा शिधा आणि ठरावीक मुदत. मुदत संपेपर्यंत जगला तो सुटला, असे वचन मिळते. पुढे पारडे फिरते आणि शिकारीच सावज होतो. इतका साचा सांगून या चित्रपटांचे वेगळेपण मात्र कळत नाही. ते कळते सावज म्हणून कोणाला निवडले आहे, हे पाहिल्यावर.

या प्रकाराचे मूळ एका कथेत आहे. रिचर्ड कॉनेल या अमेरिकन लेखकाची ‘द मोस्ट डेंजरस गेम’ ही कथा १९ जानेवारी १९२४ रोजी ‘कॉलियर्स’ साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. शीर्षकातल्या ‘गेम’चे दोन अर्थ होतात : खेळ, आणि ज्याची शिकार करतात ते जनावर. मराठीतल्या ‘शिकार’ शब्दालाही असाच दुहेरी पीळ आहे. आपण शिकारीला जातो आणि हाती लागते तीही शिकारच.

कथेतला सँगर रेन्सफर्ड हा नावाजलेला शिकारी. तिबेटमधल्या हिमबिबट्यांच्या शिकारीवर त्याने पुस्तक लिहिले आहे. ॲमेझॉनकडे निघालेल्या बोटीवर त्याचा सोबती म्हणतो, की जग्वारालाही भीती कळत असेल. रेन्सफर्ड ते हसण्यावारी नेतो. त्याच रात्री तो कॅरिबियन समुद्रात पडतो आणि पोहत एका बेटावर पोचतो. तिथला धनी जनरल झारॉफ हा क्रांतीनंतर रशियातून परागंदा झालेला सरदार. पाचव्या वर्षी वडिलांनी त्याच्या हाती चिमण्या मारायला छोटी बंदूक दिली होती. पुढे गंगेतल्या मगरी, रॉकी पर्वतातली अस्वले, पूर्व आफ्रिकेतले गेंडे असे सगळे मारून झाले आणि तो कंटाळला. विचार करू शकेल असे सावज त्याला हवे होते. म्हणून तो खडकाळ किनाऱ्यावर खोटे दिवे लावून जहाजे फोडतो आणि वाचून आलेल्या खलाशांना तीन दिवसांच्या पाठलागावर सोडतो. जो नकार देईल त्याला झारॉफचा राक्षसी नोकर इव्हान याच्या हवाली करतात, आणि इव्हान म्हणजे झारच्या चाकरीत चाबूक चालवलेला माणूस. त्यामुळे कोणी नकार देत नाही.

झारॉफ आपल्या सावजांची जी यादी सांगतो, ती ‘लस्कर’ या शब्दाने सुरू होते. लस्कर म्हणजे युरोपीय बोटींवर राबणारे हिंदी आणि इतर आशियाई खलाशी. मुंबई बंदरातून बोटीवर चढणाऱ्या लस्करांत रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान पुष्कळ होते. त्यांच्यासोबत काळे, चिनी आणि गोरेही यादीत आहेत, पण झारॉफच्या लेखी हे सगळे जगाचा गाळ. मराठी वाचकाला हा एक शब्द टोचायला हवा. नायक मात्र जगप्रसिद्ध गोरा शिकारी आहे. जे आधी मेले त्यांना कथेत नाव नाही. ही कथा आजवर अनेक अंगांनी वाचली गेली असली, तरी हे मौन तिच्यातली सर्वांत बोलकी जागा आहे.

कथा कल्पित आहे. त्या समुद्राचा इतिहास तसा नाही. १७९५ साली जमैकातल्या मरून लोकांचे, म्हणजे गुलामगिरीतून निसटून डोंगरात वसलेल्यांच्या वंशजांचे, बंड मोडण्यासाठी ब्रिटिशांनी क्यूबाहून माणसांवर सोडायला शिकवलेली सुमारे १०० कुत्री त्यांच्या राखणदारांसह आणवली होती. अमेरिकेच्या दक्षिणेत पळालेल्या गुलामांचा माग कुत्र्यांनीच काढला जाई. टास्मानियात १८३० साली सैनिक, वसाहतवाले आणि कैदी मिळून सुमारे २,२०० जणांनी बेटभर रांग धरून मूळ रहिवाशांना एका द्वीपकल्पाकडे रेटत नेण्याचा घाट घातला. वाघासाठी हाका घालतात, तसा हा माणसांसाठीचा हाका होता. या पाठलागांमागे हेतू मौजेचा नव्हता, जमिनीचा आणि मालकीचा होता. पण माणसाला जनावराच्या जागी उभे करण्याची सवय तिथेच लागली.

कथेवरचा पहिला चित्रपट १९३२ चा, आरकेओ कंपनीचा. दिग्दर्शक अर्नेस्ट शूडसॅक आणि अर्व्हिंग पिचेल. ‘किंग काँग’ (१९३३) साठी उभारलेल्या जंगलातच त्याचे चित्रीकरण झाले. दरीवर आडवे पडलेले ते झाडाचे खोड दोन्ही चित्रपटांत दिसते. फे रे आणि रॉबर्ट आर्मस्ट्राँग दोन्हींत आहेत, संगीतही दोन्हींना मॅक्स स्टायनर यांचेच. झारॉफ झालेले लेस्ली बँक्स पहिल्या महायुद्धात जखमी होऊन त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली होती. दिग्दर्शक कधी एक बाजू दाखवतात, कधी दुसरी, आणि एकाच माणसात यजमान आणि खाटीक असे दोघे दिसतात. कथेत नसलेली एक तरुणी चित्रपटात आणली आहे. शिकारीचे बक्षीस म्हणून. तासाभराच्या या चित्रपटातला शेवटचा पाठलाग, दलदल, धुके आणि कुत्र्यांचे भुंकणे, आजही अंगावर येतो.

पुढच्या काळात शिकारी बदलत गेला. १९४५ च्या नव्या आवृत्तीत रॉबर्ट वाइज यांनी झारॉफला जर्मन केले. युद्ध नुकतेच संपत होते. १९६५ साली दोन निराळ्या वाटा फुटल्या. कॉर्नेल वाइल्ड यांच्या ‘द नेकेड प्रे’मध्ये नागव्याने पळणाऱ्या गोऱ्या माणसामागे आफ्रिकी योद्धे लागतात. मूळ हकिकत मात्र अमेरिकेतली : १८०९ च्या सुमारास जॉन कोल्टर हा सापळे लावून जनावरे धरणारा गोरा माणूस ब्लॅकफूट या तिथल्या मूळ रहिवाशांच्या योद्ध्यांपासून तसाच पळून वाचला होता. इटलीच्या एलिओ पेत्री यांनी रॉबर्ट शेकली यांच्या कथेवरून केलेल्या चित्रपटात असा समाज उभा केला, जिथे शिकारी आणि सावज सरकारदप्तरी नोंदवलेले असतात आणि मृत्यूला जाहिरातदार मिळतो. दूरचित्रवाणीवरचा जीवघेणा खेळ हा पुढे गाजलेला उपप्रकार इथून फार दूर नाही. पीटर वॉटकिन्स यांच्या ‘पनिशमेंट पार्क’ (१९७१) मध्ये युद्धविरोधी तरुणांना तुरुंग नको असेल तर कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात तीन दिवसांत ५३ मैल चालून अमेरिकी झेंड्यापर्यंत पोचायचे असते, मागे पोलीस. वार्तापटासारखे केलेले चित्रण इतके सरळ आहे, की हे घडलेच असावे असे वाटत राहते.

नव्वदच्या दशकात हा प्रकार निखळ मारधाडपटांत आला, आणि माझ्या मते त्याचा सर्वांत प्रामाणिक काळ तोच. ‘हार्ड टार्गेट’ (१९९३) हा हाँगकाँगच्या जॉन वू यांचा पहिला हॉलिवुडपट. न्यू ऑर्लिन्समधले श्रीमंत गिऱ्हाईक पैसे भरून बेघर माजी सैनिकांची शिकार करतात. दलाल आधी चौकशी करतो, की याला घरचे कोणी आहे का. नसेल तरच तो निवडला जातो. एका माजी सैनिकाच्या कमरेला दहा हजार डॉलरचा पट्टा बांधतात आणि नदीपर्यंत पोच म्हणतात. तो भर वस्तीतून धावतो आणि मदतीला कोणी येत नाही. ज्याँ-क्लॉड व्हॅन डॅम यांच्या लाथा आणि वू यांची कबुतरे यांसाठी चित्रपट लक्षात राहिला. खरे तर त्याचा कणा आहे बापाला शोधत आलेली मुलगी, म्हणजे दलालाची चौकशी जिथे चुकली ती जागा. पुढल्याच वर्षीच्या अर्नेस्ट डिकरसन यांच्या ‘सर्व्हायव्हिंग द गेम’मध्ये आइस-टी यांनी साकारलेला बेघर काळा माणूस जंगलसफरीचा वाटाड्या म्हणून कामाला घेतला जातो. रात्री त्याला पोटभर जेवू घालतात आणि पहाटे उठवून पळायला सांगतात. शिकाऱ्यांतला एक बाप आपल्या मुलाला मर्द बनवायला सोबत घेऊन आलेला असतो. मुलाला कल्पनाच नसते. त्या मुलाचा चेहरा चित्रपटातल्या कोणत्याही स्फोटापेक्षा भारी आहे.

क्रेग झोबेल यांच्या ‘द हंट’मध्ये श्रीमंत उदारमतवादी लोक आपल्या राजकीय विरोधकांना पळवून आणून मारतात. ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेत एल पासो आणि डेटन इथे गोळीबार झाल्यावर त्याचे प्रदर्शन थांबवले गेले, आणि अखेर तो मार्च २०२० मध्ये, चित्रपटगृहे बंद होण्याच्या तोंडावर आला. सावज कोण यापेक्षा कोणत्या बाजूचे, हा इथला प्रश्न. त्यामुळे वादच जास्त झाला.

लस्करांच्या यादीला खरे उत्तर दिले ते ‘बाकुराउ’ (२०१९) या ब्राझीलच्या चित्रपटाने. दिग्दर्शक क्लेबेर मेंदोन्सा फिल्यो आणि जुलियानो दोर्नेलेस. कान महोत्सवात त्याला ज्युरी पारितोषिक विभागून मिळाले. ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या मुलखातले एक खेडे. धरणाचे पाणी तोडलेले, पाणी येते ते टँकरने. एके दिवशी हे गाव नकाशावरून नाहीसे होते, मग फोन बंद पडतात. पैसे भरून आलेले परदेशी शिकारी गावाबाहेर दबा धरून असतात. त्यांना गाव विकलेले असते तिथल्याच पुढाऱ्याने. त्यांना मदत करणारे ब्राझीलच्या दक्षिणेतले एक जोडपे स्वतःला गोरेच समजते. आम्हीही तुमच्यासारखेच, असे ते म्हणतात. शिकारी हसतात आणि त्यांनाही गोळ्या घालतात.

इथे एकटा वीरपुरुष नाही. अख्खे गाव लढते, आणि बंदुका येतात गावच्या छोट्या संग्रहालयातून, जुन्या बंडखोरांच्या भिंतीवर टांगलेल्या. लढाई संपल्यावर संग्रहालय धुवायला घेतात. जमीन पुसा, पण भिंतींवर उमटलेले रक्ताचे पंजे आहेत तसे राहू द्या, असे तिथली राखणदार बाई सांगते.