नंदनवन आणि विदर्भाच्या दोन लेकी

मे महिन्यात अकोला-अमरावतीकडे पारा ४५च्या वर जातो. अशा दुपारी शेतातून आलेला माणूस विहिरीजवळच्या आंब्याखाली टेकला की म्हणतो, "स्वर्ग आहे बा इथं." ही भावना फार जुनी आहे. स्वर्ग म्हणजे बाग, ही कल्पना उन्हानं भाजलेल्या कोरड्या मुलखांत विशेष रुजली.

अवेस्ता या प्राचीन इराणी भाषेत 'पैरिदएझ' म्हणजे सभोवती भिंत घातलेली जागा. त्यावरून ग्रीक 'पॅरादेइसोस' आला, पुढे इंग्रजी 'पॅरडाइज' झाला. फारसी-अरबीतला 'फिरदौस'ही त्याच कुळातला. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी चक्क कुंपण आहे! रोही आणि रानडुकरांपासून हरभरा राखणाऱ्याला ते वेगळं समजावून सांगायला नको. कुंपणानंतर पाणी. इ.स.पू. ६व्या शतकात इराणच्या सायरस राजानं पासारगाद या आपल्या राजधानीत दगडी पाटांची बाग केली. बायबलमधल्या एदेन बागेतून निघालेल्या नदीला चार फाटे फुटतात. कुराणातल्या स्वर्गात पाण्याच्या, दुधाच्या, मद्याच्या आणि मधाच्या नद्या वाहतात. चार भागांत विभागलेली चारबाग मोगलांनी हुमायूनच्या कबरीभोवती आणि ताजमहालापुढे आणली.

आपल्याकडे इंद्राचं नंदनवन. तिथला पारिजातक समुद्रमंथनातून निघालेला. हरिवंशात नारदानं दिलेलं त्याचं फूल कृष्ण रुक्मिणीला देतो, सत्यभामा रुसते आणि कृष्ण इंद्राशी लढून झाडच द्वारकेला आणतो. लोककथा पुढे सांगते, झाड सत्यभामेच्या दारी, पण सडा रुक्मिणीच्या अंगणात. ही रुक्मिणी विदर्भाची लेक. वर्धा नदीकाठच्या कौंडण्यपूरहून आजही आषाढी वारीला तिच्या माहेरची पालखी पंढरपूरला जाते.

दुसरी लेक दमयंती, आणि मला तिची गोष्ट जास्त मोलाची वाटते. महाभारताच्या वनपर्वात तिच्या स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नलाचं रूप घेऊन बसतात. समोर पाच नल. मग तिला खुणा दिसतात: देवांना घाम नाही, पापणी लवत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत, गळ्यातल्या माळा ताज्याच्या ताज्या. एकाची मात्र सावली पडली आहे, अंगावर धूळ आणि घाम आहे, माळ कोमेजली आहे. दमयंती त्याच्याच गळ्यात वरमाला घालते. नंदनवनाचा धनी समोर बसलेला असताना विदर्भाच्या मुलीनं कोमेजलेल्या फुलांचा माणूस निवडला.

वरुड, मोर्शी, काटोलकडच्या संत्र्याच्या बगीच्यांना लोक हौसेनं नंदनवन म्हणतात. पण या बागेची रीत स्वर्गाच्या अगदी उलट आहे. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलांसाठी, हिवाळ्यात आणि मृग, म्हणजे पावसाळी बहारासाठी ऐन उन्हाळ्यात पाणी बंद करून बाग ताणावर सोडतात. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतातही. विहिरीत पाणी असलं तरी शेतकरी त्या दिवसांत हात आवरतो. मग पाणी मिळालं, आंबियाला विहिरीचं आणि मृगाला पावसाचं, की त्याच फांद्यांवर पांढरा बहर फुटतो आणि त्याचा वास धुऱ्यापलीकडे रस्त्यापर्यंत येतो.