पावसाकडे उंच, दुष्काळाकडे जाड

बेळगावातून जांबोटीच्या रस्त्याने पश्चिमेला निघालात, तर झाडं उंच होत जातात. अथणीच्या दिशेने पूर्वेला निघालात, तर बुटकी आणि पसरट. कणकुंबीला सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळाभर छत्री मिटत नाही, आणि त्याच जिल्ह्यात अथणीला वर्षाचा पाऊस पाच-सहाशे मिलिमीटरच्या आसपास थांबतो. इतका फरक एका जिल्ह्यात अनुभवायला मिळणं हे आपलं भाग्यच. म्हणून महावृक्ष बघायची सहल काढणाऱ्याने आधी पावसाचा नकाशा उघडावा, रस्त्याचा नंतर. झाड किती वाढणार आणि कुणीकडे वाढणार, हे बऱ्याच अंशी पाणीच ठरवतं.

पाणी वर चढवणं किती अवघड असतं, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. विहिरीचं पाणी खाली गेलं की काठावरचं इंजिन नुसतं घरघरतं, पाणी काही येत नाही. मग इंजिन उतरवून विहिरीतच खाली बसवावं लागतं. पंप फक्त नळीतली हवा काढून घेतो. पाणी वर ढकलायचं काम बाहेरच्या हवेचा दाब करतो, आणि तो समुद्रसपाटीला पाण्याचा जेमतेम १० मीटरचा स्तंभ पेलतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच, म्हणजे इथे त्याहूनही कमी. प्रत्यक्षात सात-आठ मीटरांनंतर पंप हात टेकतो. आणि खानापूरच्या जंगलातलं तीस मीटरांचं झाड मात्र शेंड्यावरच्या कोवळ्या पानापर्यंत रोज पाणी पोचवतं.

हे कसं होतं, याचं आज मान्य असलेलं उत्तर १८९४ साली डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी मांडलं. पानाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाण्याची वाफ होऊन जाते. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे जाणारा रेणू मागच्याला ओढतो, मागचा त्याच्या मागच्याला, आणि ही ओढ खोडातल्या बारीक नळ्यांमधून थेट मुळांपर्यंत पोचते. झाडाची शक्ती यात खर्च होत नाही. सगळं काम ऊन करतं. धोका मात्र मोठा असतो. माती सुकली की ओढ वाढत जाते, आणि ती फार वाढली की नळीत हवेचा बुडबुडा शिरून नळी निकामी होते. झाड जितकं उंच, तितकी शेंड्याकडची ओढ जास्त.

जगातलं सर्वांत उंच माहीत असलेलं झाड कॅलिफोर्नियातलं रेडवूड आहे. त्याचं नाव हायपेरियन आणि उंची सुमारे ११६ मीटर. २००४ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उंच रेडवूडांच्या शेंड्यांवर मोजमापं घेऊन, झाडाच्या उंचीची कमाल मर्यादा १२२ ते १३० मीटरांच्या दरम्यान असावी असा अंदाज काढला होता. त्यापुढे ओढ इतकी वाढते की पानाला वाढायला पाणीच पुरत नाही. रेडवूडांना उन्हाळ्यातही समुद्रावरून येणारं धुकं मिळतं, आणि त्यांची पानं ते ओलं धुकं थेट शोषूनही घेतात.

आपल्याकडे पाऊस धो धो पडतो, पण चार महिन्यांत आटोपतो. सह्याद्रीत दक्षिणेकडून उत्तरेकडे येताना कोरडे महिने वाढत जातात, म्हणून पाऊस तितकाच असला तरी केरळइतकं उंच रान आपल्याकडे होत नाही. शिवाय माथ्यावर जांभ्याची पातळ माती आणि पावसाळ्यातला सोसाट्याचा वारा. कणकुंबीच्या उघड्या सड्यावर जांभूळ, अंजन खुरटे राहतात. उंच झाडं बघायची तर दरीत उतरावं लागतं, जिथे वारा अडतो, माती साठते आणि झऱ्याची ओल उन्हाळ्यातही टिकते. भीमगड अभयारण्यातल्या दऱ्या यासाठी उत्तम. २०११ साली हे अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. आत जायला वनखात्याची परवानगी लागते, आणि ती आधीच काढून ठेवावी. अस्वलं आणि गवे आहेत, तेव्हा गावातला माहीतगार सोबत घ्यावा आणि उजाडल्याशिवाय आत शिरू नये.

वेळ कुठली, तेही पाण्यावरच ठरतं. पावसाळ्यात जळवा आणि ओढे पुढे जाऊ देत नाहीत. नोव्हेंबर ते जानेवारी दरीतलं सदाहरित रान बघावं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळीच्या रानात जावं. पानं गेल्यामुळे बुंध्यापासून शेंड्यापर्यंत अख्खं झाड एका नजरेत येतं. पानगळ म्हणजे झाडाने बाष्पीभवनाचं दारच लावून घेणं. वाफ बंद झाली की ओढ बंद.

या रानात दोन झाडांपाशी थांबा. एक नाणा. सालीचे पातळ पापुद्रे सुटून खोड गुळगुळीत, फिकट दिसतं आणि गर्द रानातही लांबून उठून दिसतं. दुसरा ऐन. त्याची साल जाड, काळपट, आणि उभ्या-आडव्या भेगांनी चौकोनांत फाटलेली, मगरीच्या पाठीसारखी. वणव्याची धग ही साल बाहेरच अडवते. काही ऐनांच्या बुंध्याला फुगवटा येतो आणि त्यात पाणी साठतं. जंगलात राहणारी माणसं उन्हाळ्यात निकड पडली तर ते काढून पितात. आपण मात्र बघण्यासाठी म्हणून घाव घालू नये. सालीखालची जिवंत ऊती कापली गेली की तिथून बुरशी आणि वाळवीला वाट मिळते.

बुंध्याच्या किती जवळ जायचं, याबद्दल मला फार कळकळीने सांगावंसं वाटतं. पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या हात-दीड हात मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. पायांनी माती दबली की तिच्यातली पोकळी बुजते. मग हवाही आत जात नाही आणि पाणीही मुरत नाही. हायपेरियनचा नेमका पत्ता गुप्त ठेवला होता, तरी लोकांनी तो शोधून काढला आणि तुडवून तुडवून बुंध्याभोवतालची झुडपं-नेचे नाहीसे झाले. शेवटी २०२२ साली तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने तो भाग बंद केला. आता तिथे गेल्यास ५ हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्याकडची झाडं त्यामानाने अनामिक आहेत, आणि तेच बरं. सापडलेल्या मोठ्या झाडाचं नेमकं ठिकाण मोबाइलवरून सगळीकडे पाठवू नका. पायवाटेवरून बघा, तीस मीटरांचं झाड बुंध्याशी उभं राहून तसंही पुरतं दिसत नाही.

घेर मोजायचाच असेल, आणि वाट बुंध्याला लागून जात असेल, तर सुतळी न्या, कारण शिवणकामाची टेप दीड मीटरच असते. जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर सुतळी गुंडाळा आणि ३.१४ ने भागा, की व्यास आला. बुंध्याशी फळ्यांसारखी मुळं पसरलेली असतील, तर त्यांच्या वर मोजायचं. उंचीसाठी आपल्या हाताइतकी काठी हात लांब करून उभी धरा आणि काठीत झाड बरोबर मावेपर्यंत मागे सरका. तुम्ही आणि झाड यांच्यातलं अंतर तीच झाडाची उंची.

वय मात्र असं काढता येत नाही. सदाहरित रानातल्या पुष्कळ झाडांत वार्षिक वर्तुळं स्पष्ट उमटत नाहीत. साग त्याला अपवाद. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी केरळातल्या सागाच्या वर्तुळांवरून ५२३ वर्षांतल्या दुष्काळांचा माग काढला आहे. त्यामुळे एखाद्या झाडाखाली ‘हजार वर्षांचा वृक्ष’ अशी पाटी दिसली, तर वय कशावरून काढलं ते विचारावं.

चोर्ला घाट उतरून गोव्याच्या सत्तरीत गेलात, तर पाण्याची उलटी तऱ्हाही बघता येते. ब्रह्मकरमळीजवळची निरंकाराची राय ही देवराई आहे आणि दलदलही. जायफळाच्या कुळातली झाडं तिथे चिखलात उभी असतात, आणि त्यांची मुळं जागोजागी गुडघ्यासारखी वाकून वर येतात. बुडालेल्या मुळांना श्वास त्या वाकांतून मिळतो. देवाच्या नावाने कुऱ्हाड लागली नाही म्हणून हे रान शिल्लक आहे.

आता पूर्वेकडे. कोरड्या मुलखात उंच जाणं परवडत नाही. वड आडवा पसरतो आणि पारंब्या जमिनीत रोवत जातो. प्रत्येक पारंबी स्वतःच्या बुडाशी पाणी शोधते. गोरखचिंच आणखी वेगळं करते, पाणी पोटातच ठेवते. हे झाड मूळचं आफ्रिकेचं. विजापुरात त्याची जुनी झाडं आहेत, आणि हावेरी जिल्ह्यातल्या सवणूरला दोड्डहुणसे मठाच्या आवारातली तर प्रसिद्धच आहेत. त्यांच्या बुंध्याचा घेर १० मीटरच्या पुढे जातो. लाकूड मऊ, आणि वजनाचा मोठा हिस्सा पाण्याचा. मादागास्करमधल्या तिच्या भाऊबंदांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की हे पाणी रोजच्या तहानेला फारसं वापरलं जात नाही. पाऊस यायच्या आधी नवी पालवी फोडायला ते उपयोगी पडतं.

गोरखचिंचेची मोठी पांढरी फुलं लांब देठाला उलटी लोंबतात, संध्याकाळी उमलतात आणि दुसऱ्या दिवशी कोमेजतात. आफ्रिकेत वटवाघळं त्यांचं परागीभवन करतात. ती बघायची तर पावसाच्या तोंडावर जावं आणि हुबळी किंवा सवणूरला मुक्काम करावा. तोवर पश्चिमेकडच्या वाटा बंद व्हायला लागलेल्या असतात, म्हणून दोन्ही टोकं एका खेपेत उरकायला जाऊ नका. हिवाळ्यात भीमगड करावा आणि मृगाच्या सुमारास सवणूर.