पेढे झाडाला लागतात का?

मागच्या पावसाळ्यात सांगलीत चार दिवस झड लागली आणि नेहमीप्रमाणे मोबाईलवर आयर्विन पुलाच्या पातळीचे मेसेज सुरू झाले. सांगलीकराला ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका हे पाढ्यासारखं पाठ असतं, २०१९ ला ५७ फुटांच्या वर पाणी बघितल्यापासून तर जास्तच. पातळी दोन फुटांनी वाढली म्हटल्यावर मी सवयीनं बोलून गेलो, "कोयनेतून सोडलेलं दिसतंय." शेजारी भाची भडंगाची वाटी घेऊन लॉ सीईटीचे लॉजिकल रीझनिंगचे प्रश्न सोडवत बसली होती, तिनं मान वर न करता विचारलं, "मामा, कोयनेतून सोडलं की इथं वाढतं हे बरोबर, पण इथं वाढलं म्हणजे कोयनेतूनच सोडलं हे कशावरून?"

आता बोला. कराडपासून सांगलीपर्यंत मधल्या पट्ट्यात धो धो पाऊस झाला तरी पाणी वाढतं, खाली हरिपूरला वारणेचा फुगवटा आला तरी वाढतं, आणि मी मात्र "अ झालं तर ब होतं" हे वाक्य खुशाल उलटं करून "ब झालं म्हणजे अ झालंच" असं वाचलं. लॉच्या परीक्षेला जे प्रश्न येतात ना, त्यातले कितीतरी फक्त ह्या एका खोडीवर सापळा लावून बसलेले असतात.

ही खोड आजची नाही. आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्र (तर्कशास्त्र) शिकणाऱ्या जुन्या पंडितांनी, ती कधीच पकडलीय. "डोंगरावर धूर दिसतोय, म्हणजे तिथं आग आहे" हे त्यांचं ठरलेलं उदाहरण, कारण जिथं जिथं धूर तिथं तिथं आग. मग उलटं चालेल का, जिथं आग तिथं धूर? नाही चालत, आणि का नाही हे दाखवायला ते लोहाराच्या भट्टीतला लालबुंद तापलेला लोखंडाचा गोळा पुढं करतात. गोळ्यात आग आहे, धूर औषधालाही नाही. धूर यायला आगीबरोबर ओलं लाकूडही लागतं, ती लपलेली अट आपण धरतच नाही (ह्या लपलेल्या अटीला त्यांच्यात 'उपाधि' म्हणतात, कॉलेजच्या डिग्रीशी तिचा संबंध नाही). आणि हे शास्त्र आपल्यापासून काही लांब नव्हतं, वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकलेले लक्ष्मणशास्त्री जोशी, पुढं मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले ते, त्यांच्या नावामागचं 'तर्कतीर्थ' ही १९२३ साली कलकत्त्याहून मिळवलेली न्यायशास्त्राची पदवीच आहे. लहानपणी मला वाटायचं ते त्यांचं पाळण्यातलं नाव असेल.

बरं, ही खोड फक्त माझ्यासारख्याची आहे की सगळ्यांची, हे १९६६ साली पीटर वेसन नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं चार पत्त्यांवर तपासलं. मी तोच प्रयोग घरी केला, लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजू कापून. टेबलावर चार पत्ते: ई, क, ४, ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर मागं सम आकडा असतो. नियम पाळलाय का हे बघायला कुठले पत्ते उलटायलाच लागतील?

घरात सगळ्यांनी ई आणि ४ सांगितलं, ताईनं तर नुसतं ई. बरोबर उत्तर ई आणि ७. चारच्या मागं क निघाला तरी बिघडत नाही, कारण व्यंजनामागं काय असावं ह्याबद्दल नियम गप्पच आहे, पण सातच्या मागं स्वर निघाला की नियम मोडला. वेसनच्या प्रयोगात आणि नंतरही असल्या नुसत्या अक्षर-आकड्यांच्या पत्त्यांवर साधारण दहात एखादाच बरोबर येतो, आणि ती सगळी कॉलेजची पोरं, त्यामुळं ताईला मी फार बोललो नाही.

आता मजा बघा. तोच प्रश्न मी एसटीत नेला. नियम: झिरो तिकीट (म्हणजे फुकट प्रवासाचं) असेल तर प्रवाशाचं वय ७५ पूर्ण पाहिजे. गाडीत चार पुरुष बसलेत, एकाच्या हातात झिरो तिकीट, एकाच्या हातात फुल तिकीट, एक ८० वर्षांचे आजोबा आणि एक चाळिशीतला गडी. तपासनीस चढला तर कुणाकुणाकडं बघेल? ताई ताबडतोब म्हणाली, "झिरो तिकीटवाल्याचं आधार कार्ड आणि त्या चाळिशीतल्याचं तिकीट, म्हाताऱ्याला कशाला छळायचं?" म्हणजे ४ आणि ७ च्या पत्त्यांवर अडलेली बाई एसटीत दोन सेकंदात पास, आणि गणित अक्षरशः तेच. फ्लोरिडात ग्रिग्ज आणि कॉक्स ह्यांनी १९८२ मध्ये बिअर आणि वय घेऊन हेच केलं तेव्हा चारातल्या जवळपास तिघांना जमलं. लीडा कॉस्मिडिस ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंचं म्हणणं की माणसाचा मेंदू फसवणारा शोधायला तयार झालाय, नुसता तर्क करायला नाही. ह्यावर अजून भांडणं चालू आहेत, पण भाचीनं त्यातून एक सोय काढली, पेपरात कोरडं वाक्य आलं की ती त्याची एसटी करते आणि स्वतः तपासनीस होते.

दुसरा सापळा जास्त गोड आहे. हे वाचा: सगळे पेढे गोड असतात. काही गोड पदार्थ साताऱ्यात बनतात. म्हणून काही पेढे साताऱ्यात बनतात. बरोबर? कंदी पेढा खाल्लेला माणूस डोळे झाकून हो म्हणणार. आता हे वाचा: सगळे पेढे गोड असतात. काही गोड पदार्थ झाडाला लागतात. म्हणून काही पेढे झाडाला लागतात. हे ऐकून कुणीही हसेल. पण सांगाडा तोच आहे हो, दोन्हीकडं निष्कर्ष वरच्या दोन वाक्यांतून निघतच नाही! पहिल्यात तो योगायोगानं खरा आहे एवढंच. १९८३ मध्ये जोनाथन इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं, तर असले चुकीचे युक्तिवाद निष्कर्ष पटणारा असला की ७१ टक्के वेळा लोकांनी मान्य केले आणि न पटणारा असला की फक्त १० टक्के वेळा. कायदा शिकणाऱ्याला हे महाग पडतं, म्हणून पेपर काढणारे मुद्दाम असे पर्याय घालतात जे जगात खरे असतात पण दिलेल्या उताऱ्यातून निघत नाहीत. क्लॅटला (देशपातळीवरच्या लॉ प्रवेशपरीक्षेला) तर चुकलं की पाव मार्क कापतात, सीईटीला कापत नाहीत, पण तुक्का मारायची सवय तिथंच लागते.

मग प्रॅक्टिस कशी करायची? भाचीच्या क्लासमध्ये आज फक्त गृहीतकं, उद्या फक्त नातेसंबंध असे ५०-५० प्रश्न एका दमात करून घेतात. पोरांना वाटतं जमलं. खरं तर प्रश्न कुठल्या जातीचा आहे हे ओळखायचं कामच वरच्या हेडिंगनं करून टाकलेलं असतं. रोरर आणि टेलर ह्यांनी २००७ मध्ये घनफळाच्या गणितांवर हे तपासलं, एकाच प्रकारची गणितं सलग करणाऱ्यांना सरावात ८९ टक्के आणि सरमिसळ करणाऱ्यांना ६० टक्के, पण आठवड्यानं परीक्षा घेतली तर सलगवाले २० टक्क्यांवर आणि सरमिसळवाले ६३ वर. मी तिला रद्दीतल्या जुन्या प्रश्नपत्रिका कापून डब्यात टाकायला लावल्या, रोज चिठ्ठी काढल्यासारखे वीस काढायचे. पहिले पंधरा दिवस मार्क पडले आणि ताई माझ्याशी धड बोलत नव्हती.

ह्या सरावानं डोक्यात खरंच काही हलतं का? बर्कलीत २०१२ मध्ये मॅकी, व्हिटेकर आणि बंज ह्यांनी अमेरिकेच्या एलसॅट ह्या लॉ प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या तरुण मुलांचे मेंदूचे स्कॅन केले, तीन महिन्यांच्या साधारण १०० तासांच्या क्लासच्या आधी आणि नंतर. मेंदूचा पुढचा भाग आणि वरचा-मागचा भाग ह्यांना जोडणाऱ्या तंतूंच्या रचनेत बारीक बदल दिसले, क्लास न लावलेल्यांत तसे दिसले नाहीत. क्लासवाल्यांनी हे वाचून "मेंदू बदला" असे फ्लेक्स लावू नयेत. मुलं थोडी होती, आणि स्कॅनमध्ये दिसतं ते पाणी तंतूंच्या आजूबाजूला कसं सरकतं ते, हुशारी नाही. मला १९८८ चा लेहमन, लेम्पर्ट आणि निस्बेट ह्यांचा अभ्यास जास्त आवडतो, त्यांनी पदव्युत्तर विद्यार्थी तपासले तर कायदा, वैद्यकीय आणि मानसशास्त्र शिकणारे 'जर-तर'च्या प्रश्नांत सुधारले आणि केमिस्ट्रीवाले आहे तिथंच राहिले. मी केमिस्ट्रीचाच.

भाचीच्या चुकांच्या वहीत आता 'उलटं वाचलं' हे कमी झालंय, पण एक अक्षर तिला अजून छळतं, ते म्हणजे 'च'. सीईटीचा पेपर मराठीतही असतो, त्यात 'पास असेल तर आत सोडतील' आणि 'पास असेल तरच आत सोडतील' ह्या दोन वाक्यांत बाण एकदम उलट्या दिशेनं फिरतो, पहिल्यात पास बघून आत सोडणार हे नक्की, दुसऱ्यात आत जो दिसेल त्याच्याकडं पास असणार एवढंच नक्की. घाईत डोळा 'च' गिळून टाकतो.

परवा डब्यातून निघालेला प्रश्न: हेल्मेट असेल तरच पंपावर पेट्रोल मिळेल. एकजण हेल्मेट घालून पंपावर आला. त्याला पेट्रोल मिळेल का? मी हो म्हणालो. ती पेन्सिलीनं 'च'भोवती गोल करत म्हणाली, "पंपात पेट्रोल शिल्लक आहे असं कुठं लिहिलंय मामा?"