वाघिणीतून उतरणारी सर्कस

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवरून थंडीत एक झोत दिसायचा. मेळ्यात सर्कस लागली की तिचा सर्चलाइट आभाळात गोल फिरायचा, मध्येच किल्ल्याच्या अंगावरून सरकायचा. आजी पाहायची नि म्हणायची, "आली वाटतं." जाहिरात एवढीच, तीही फुकट.

सर्कशी का आटल्या असं विचारलं की सगळे प्राणीबंदीपाशी येऊन थांबतात. माझ्या मते तो घाव शेवटचा. सर्कस उभी राहिली ती संस्थानी पागा आणि रेल्वे या दोघांच्या जिवावर, आणि ते दोन्ही आधार आधीच सुटले होते.

पागेचा धागा तर आमच्या गावातूनच जातो. अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे तरुणपणी ग्वाल्हेरला आले. बाबासाहेब आपट्यांकडे घोडा शिकले, हद्दूखाँसाहेबांकडे गाणं. पुढे १८७९ मध्ये कियारिनी या इटालियनाची सर्कस मुंबईला आली. हिंदी लोकांना हे इतक्यात जमायचं नाही, असं तो म्हणाला आणि छत्र्यांना ते झोंबलं, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो नसो, २० मार्च १८८० ला छत्र्यांच्या 'ग्रेट इंडियन सर्कस'चा खेळ मुंबईत झाला. हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ हलाखीत दिसले तेव्हा त्यांना सांभाळलं छत्र्यांनीच. कंपनीच्या मुक्कामांत खाँसाहेबांचे जलसेही होत. सिंहाच्या पिंजऱ्याशेजारी ग्वाल्हेर घराण्याचा तंबोरा लागतोय, हे चित्र मला फार आवडतं.

मग सांगली-मिरजेकडून देवल, कार्लेकर यांच्या सर्कशी निघाल्या. छत्र्यांच्या दौऱ्यातूनच केरळात तलश्शेरीचे कीलेरी कुन्हीकण्णन या विद्येत आले, आणि नंतर बहुतेक कसरतपटू तिकडूनच येऊ लागले.

हा सगळा संसार हलायचा रेल्वेवर. मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात, तेव्हा वाघिणीत वाघीण हा विनोद आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालला. तंबूचे खांब, गॅलरीच्या फळ्या, हत्ती, स्वयंपाकाची भांडी, सगळं मालधक्क्यावर उतरायचं. हत्ती तिथून चालत मैदानापर्यंत जायचे नि त्यांच्यामागे निम्मं गाव. खालच्या श्योपूर, भिंड, शिवपुरीच्या छोट्या गाड्या तेव्हा दोन फुटी रुळांवरच्या होत्या. मोठ्या रुळांवरची वाघीण तिकडे जाणारच नाही. म्हणून सर्कस ग्वाल्हेरला थांबे आणि तिकडची माणसं तिच्याकडे येत.

अमेरिकेत याच खेळाचं रूप अवाढव्य होतं. बार्नमची सर्कस १८७२ मध्ये रेल्वेवर चढली. तीच पुढे रिंगलिंग बंधूंच्या सर्कशीत मिसळली; या रिंगलिंगच्या दोन तुकड्या शेवटपर्यंत आपापल्या, जवळजवळ मैलभर लांबीच्या गाड्यांनी फिरत. २०१६ मध्ये त्यांचे हत्ती निवृत्त झाले, तिकीटविक्री घसरली आणि २१ मे २०१७ ला शेवटचा खेळ झाला. २०२३ मध्ये ती परतली, पण प्राण्यांविना आणि गाडीविनाही.

आपल्याकडे असा एका दिवसाचा शेवट झाला नाही. पागा संस्थानांबरोबर गेल्या. १९८०च्या दशकात रेल्वेने सुट्या वाघिणींची वाहतूक आवरत आणून पूर्ण मालगाडी भरण्यावर भर दिला. वीस-पंचवीस डब्यांचं गिऱ्हाईक मग कोण सांभाळणार? सामान ट्रकवर आलं, खर्च वाढला, मुक्काम घटले. त्यात घरोघरी टीव्ही. १४ ऑक्टोबर १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांचे खेळ बंद केले. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. २०११ मध्ये त्याच न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला लावण्यावरही बंदी घालण्याचा आदेश दिला. दोन्ही निर्णय योग्यच होते, हे मी सर्कशीचा भक्त असूनही म्हणेन. लहानपणी पाहिलेल्या अस्वलाच्या नाकातली वेसण मी विसरलेलो नाही.

आता सामान रात्री ट्रकमधून उतरतं. मालधक्क्यापासून मैदानापर्यंत त्याच्यामागे धावणारं कुणी नसतं; सकाळी दूध आणायला निघालेल्याला तंबू उभाच दिसतो.